कंपनीचे स्पीकर २ ओहमचे, बाजारात मिळतात ते ४ ओहमचे: गाडीच्या ॲम्प्लिफायरला चालेल का?

खाडीकाठ:

नमस्कार मंडळी,

माझी सेडान आता जुनी झाली असली तरी घेताना मुद्दाम वरचे व्हेरियंट घेतले होते, कारण त्यात नामांकित ब्रँडची साउंड सिस्टीम कंपनीकडूनच बसवून मिळत होती. शेजारच्या सीटखाली वेगळा ॲम्प्लिफायर आहे, चारही दारांत साडेसहा इंची स्पीकर आहेत आणि पुढच्या काचेच्या दोन्ही खांबांवर छोटे ट्वीटर (वरच्या पट्टीचे सूर वाजवणारे स्पीकर) आहेत. ठाण्याच्या दमट हवेमुळे असेल किंवा वयोमानाने असेल, पण पुढच्या डाव्या दारातील स्पीकरच्या कडेचा फोम फाटला आहे आणि ढोलकीवर जोरात थाप पडली की तो फडफडतो. सर्व्हिस सेंटरमध्ये अशा एका स्पीकरची जी किंमत सांगण्यात आली, तेवढ्यात बाहेर चांगल्या कंपनीची पूर्ण जोडी येते. त्यामुळे पुढचे दोन्ही स्पीकर बाहेरूनच घ्यावेत असे घरात ठरले.

अडचण पुढेच आहे. दाराचे पॅनेल उघडून पाहिले तेव्हा मॅग्नेटच्या मागच्या लेबलवर स्पष्टपणे '२ ओहम' छापलेले आढळले, आणि दुकानात जे जे स्पीकर दाखवले गेले ते जवळजवळ सगळे ४ ओहमचे होते. पहिल्या दुकानदाराचे म्हणणे असे की ओहम-बिहम काही पाहू नका, बिनधास्त लावा. दुसऱ्याने सुचवले की प्रत्येक नव्या स्पीकरला ४ ओहमचा रेझिस्टर समांतर जोडून देतो, म्हणजे ॲम्पला पूर्वीप्रमाणे २ ओहमच दिसतील आणि आवाजही पूर्वीइतकाच येईल. आमच्या नात्यातील एक काका विजेच्या क्षेत्रात नोकरीला होते. त्यांच्या मते इम्पीडन्स, म्हणजे ओहममध्ये मोजला जाणारा स्पीकरचा अडथळा, जुळला नाही तर ॲम्प्लिफायर जळणारच.

तिघांचे तीन सल्ले ऐकून गोंधळ वाढला आहे. ४ ओहमचे स्पीकर लावल्याने ॲम्पला खरोखर धोका आहे का, आवाज किती कमी होईल, आणि एकच फाटलेला स्पीकर बदलून दुसरा तसाच ठेवला तर चालेल का, हे कोणी समजावून सांगितले तर आभारी राहीन.


तारजोडणी:

तुमच्या काकांची भीती निराधार नाही, पण ती उलट्या बाजूला लागू पडते. ४ ओहमसाठी बनवलेल्या ॲम्पला २ ओहमचा स्पीकर जोडला तर धोका असतो. २ ओहमसाठी बनवलेल्या ॲम्पला ४ ओहमचा जोडला तर ॲम्पचे काम उलट हलके होते. इम्पीडन्स तंतोतंत जुळला पाहिजे ही समजूत ट्रान्झिस्टरपूर्वीच्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरच्या काळातून आलेली आहे. त्या ॲम्प्लिफायरमध्ये स्पीकरच्या आधी आउटपुट ट्रान्सफॉर्मर असे, त्याला ४, ८ आणि १६ ओहमची वेगवेगळी टोके काढलेली असत आणि तिथे योग्य टोक निवडणे खरोखरच आवश्यक होते. गाडीतील आजचा ॲम्प ट्रान्झिस्टरचा असतो आणि त्याचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स ओहमच्या लहानशा अंशाइतकाच असतो. तो ठरावीक व्होल्टेज पुरवतो, आणि त्यातून किती करंट ओढायचा ते स्पीकर ठरवतो. म्हणून ॲम्पवर लिहिलेला ओहमचा आकडा हा बरोबरीचा नसून किमान मर्यादेचा असतो. त्याच्या खाली जायचे नाही, वर गेले तर बिघडत नाही.

आता हिशेब पाहू. समजा, व्हॉल्यूमच्या एका ठरावीक खुणेवर ॲम्प १० व्होल्ट देतो. पॉवर म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले ओहम, त्यामुळे २ ओहमच्या स्पीकरमध्ये ५० वॉट जातील, ३ ओहमच्या स्पीकरमध्ये सुमारे ३३ वॉट आणि ४ ओहमच्या स्पीकरमध्ये २५ वॉट. निम्मी पॉवर ऐकून घाबरू नका. पॉवर निम्मी झाली की पातळी ३ डेसिबलने उतरते, आणि कानाला आवाज 'अर्धा' वाटायला साधारण १० डेसिबलचा फरक लागतो. त्यामुळे फरक जाणवेल, पण तो नॉब एक-दोन घरे पुढे फिरवून भरून निघेल इतकाच. मात्र हेही लक्षात घ्या की ॲम्प ज्या व्होल्टेजला क्लिप होतो, म्हणजे त्याची मर्यादा संपून सुरांचे शेंडे कापले जातात, ते व्होल्टेज बदलत नाही. म्हणजे शेवटच्या टोकाला, पूर्ण आवाजात, जी जास्तीत जास्त पॉवर मिळायची ती आता निम्मीच मिळेल, आणि नॉब कितीही फिरवला तरी तिच्यापुढे फक्त फाटका आवाज असेल. ट्वीटर जळतात ते बहुतेक वेळा अशा क्लिपिंगमध्येच.

हा ३ डेसिबलचा तोटा स्पीकरच्या सेन्सिटिव्हिटीतून (ठरावीक पॉवरला तो किती मोठा वाजतो त्यातून) भरून निघू शकतो, परंतु खोक्यावरचा आकडा नीट वाचावा लागतो, आणि नेमकी इथेच बहुतेक ग्राहकांची फसगत होते. काही कंपन्या हा आकडा १ वॉटला एक मीटरवर मोजून देतात, तर काही २.८३ व्होल्टला. २.८३ व्होल्ट म्हणजे ८ ओहममध्ये १ वॉट, पण ४ ओहममध्ये तेच २ वॉट होतात आणि २ ओहममध्ये ४ वॉट. त्यामुळे ४ ओहमच्या स्पीकरवर '२.८३ व्होल्टला ९१ डेसिबल' असे लिहिले असेल तर १ वॉटच्या हिशेबाने तो ८८ डेसिबलचाच आहे. तुमच्यासारख्या प्रसंगी, जिथे ॲम्प तोच राहणार आहे, तिथे २.८३ व्होल्टचा आकडा अधिक उपयोगी असतो, कारण ओहमचा परिणाम त्यातच धरलेला असतो आणि दोन स्पीकरांची थेट तुलना करता येते. १ वॉटचे आकडे हाती असतील तर ओहमचा फरक स्वतंत्रपणे वजा करावा लागतो.

समांतर रेझिस्टरचा सल्ला देणाऱ्या दुकानदाराला दुरूनच नमस्कार करा. एकाच नळाला दुसरी तोटी बसवून तिचे पाणी गटारात सोडले, तर पहिल्या तोटीखालची बादली काही लवकर भरत नाही. स्पीकरच्या दोन टोकांमधले व्होल्टेज तेवढेच राहते, म्हणून त्यात जाणारी पॉवरही २५ वॉटच राहते. आणखी २५ वॉट मात्र रेझिस्टर तापवण्यात खर्च होतात. ॲम्पवरचा भार पूर्ण, आवाज निम्म्या पॉवरचा आणि दाराच्या पत्र्यामागे प्लास्टिकजवळ एक तापलेला रेझिस्टर, असा हा तिहेरी तोटा आहे. फायदा एकही नाही.

एकच स्पीकर बदलण्याचा विचार मात्र सोडून द्या. डावीकडे ४ आणि उजवीकडे २ ओहम झाले तर उजवी बाजू सुमारे ३ डेसिबलने वर राहील आणि गायकाचा आवाज डॅशबोर्डच्या मध्यावरून उजव्या दाराकडे सरकेल. बॅलन्स फिरवून पातळी जुळेल, पण दोन वेगळ्या कोनांचा (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्यांचा) पोत जुळणार नाही. पुढची जोडी एकत्र बदला, मागची राहू द्या. मागचे स्पीकर २ ओहमचेच राहिल्याने तुलनेने मोठे वाजतील; त्यासाठी फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरांचा समतोल) थोडा पुढे घेतला की पुरे.

खरेदीपूर्वी दोन गोष्टी तपासून इथे कळवा. एक, स्पीकरचा रोध मल्टिमीटरने मोजा, कारण लेबलवरचा आकडा नाममात्र असतो. मोजताना कपलर (वायरचा प्लग) काढून स्पीकर मोकळा करा, आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून तारेचा रोध पाहा आणि तो वजा करा. एवढ्या लहान आकड्यांत तो फरक पडतो. दोन, ट्वीटरची वायर दारातील स्पीकरच्याच जोडीतून फुटलेली आहे की ॲम्पपासून स्वतंत्र आलेली आहे, ते पाहा.


संत्रानगरी:

तारजोडणी यांनी सांगितलेल्या उलट्या बाजूचे उदाहरण आमच्या नागपुरात पाहिले आहे. माझ्या मित्राच्या हॅचबॅकमध्ये ॲम्प नव्हता, फक्त डॅशबोर्डमधले साधे हेड युनिट (स्टिरिओ) होते आणि त्याच्या मॅन्युअलमध्ये स्पीकर ४ ते ८ ओहमचे असावेत असे लिहिलेले होते. 'लो ओहम म्हणजे जादा आवाज' असे सांगून एका दुकानदाराने त्याला २ ओहमची जोडी लावून दिली. हिवाळाभर सगळे झकास वाजले. मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या घरात असताना, दुपारी उन्हात उभी केलेली गाडी सुरू केली की दोन-तीन गाण्यांनंतर आवाज अचानक बंद व्हायचा आणि एसीने केबिन गार झाल्यावर पुन्हा सुरू व्हायचा. कारण सरळ होते. तेवढ्याच व्होल्टेजला करंट दुप्पट झाला, आतल्या चिपचे तापणेही जवळजवळ दुप्पट झाले, आणि ती थर्मल प्रोटेक्शनमध्ये जाऊ लागली, म्हणजे जादा तापली की स्वतःहून बंद पडू लागली. चिप शहाणी होती म्हणून वाचली. स्वस्त, बिननावाच्या अँड्रॉइड स्टिरिओमध्ये असे प्रोटेक्शन भरवशाचे असेलच असे नाही.

याचा अर्थ सगळीच हेड युनिट २ ओहमला घाबरतात असेही नाही. टीडीए ७८५० ही गाडीच्या स्टिरिओतली ॲम्प्लिफायर चिप घ्या. तिच्या डेटाशीटमध्ये २ ओहमची पॉवरही दिलेली आहे. पण चिप चालते म्हणजे तिच्यामागचा हीटसिंक, सर्किटबोर्ड आणि फ्यूजही चालतीलच असे नसते, म्हणून अंतिम शब्द मॅन्युअलचाच मानावा.

जाता जाता, खोक्यावरच्या '५० वॉट गुणिले ४' या आकड्याबद्दल. स्टिरिओच्या मागचा फ्यूज १० अँपिअरचा असेल, तर १४.४ व्होल्टला तो एकूण १४४ वॉटच आत घेऊ देतो, आणि त्यातील मोठा भाग उष्णतेत जातो. मग २०० वॉट सतत बाहेर कुठून येणार? ४ ओहमला चॅनलमागे खरी, स्वच्छ पॉवर २० वॉटच्या आसपास असते. दुकानदाराने पॉवर सांगितली की मी आधी फ्यूज पाहतो.


खाडीकाठ:

दोघांचेही मनःपूर्वक आभार. रविवारी दुपारी पॅनेल पुन्हा उघडले आणि सांगितल्याप्रमाणे मोजमाप केले.

मीटरच्या पिना एकमेकींना टेकवल्यावर ०.३ दाखवत होते. डावा, म्हणजे फाटलेला स्पीकर २.१ आणि उजवाही २.१ दाखवतो, म्हणजे वजा जाता दोन्ही १.८ ओहम. पिना टेकवताना कोनमधून बारीकसा 'टक्' असा आवाज आला, त्यावरून फाटलेल्या स्पीकरची कॉइल (आतले तारेचे वेटोळे) शाबूत असावी असे वाटते. ट्वीटरची वायर दारातील स्पीकरच्या त्याच जोडीतून फुटली आहे. ॲम्पपासून स्वतंत्र वायर नाही.

गोंधळ आता ट्वीटरचा आहे. त्याच्यावर '४ ओहम' लिहिलेले आहे, पण मीटर काहीच दाखवत नाही, 'ओपन' येते. तरी तो वाजतो आहे, हे कान लावून खात्री करून घेतले. त्याच्या मागे एका पायात ४.७ मायक्रोफॅरड, ५० व्होल्ट असे लिहिलेला लहानसा कॅपॅसिटर सोल्डर केलेला आहे. शिवाय विज्ञानाच्या पुस्तकातल्या समांतर जोडणीच्या सूत्राने हिशेब केला, तर २ ओहमचा स्पीकर आणि ४ ओहमचा ट्वीटर मिळून १.३३ ओहम येतात. म्हणजे आमचा ॲम्प २ ओहमचाही नसून १.३३ ओहमचा मानायचा का? आणि नव्या ४ ओहमच्या स्पीकरसोबत जुना ट्वीटर तसाच ठेवला तर चालेल का?


तारजोडणी:

मोजमाप उत्तम झाले आहे आणि आकडेही अपेक्षेप्रमाणेच आहेत. कॉइलचा डीसी रोध नाममात्र इम्पीडन्सपेक्षा थोडा कमीच असतो. २ ओहमच्या स्पीकरला १.६ ते १.९ आणि ४ ओहमच्या स्पीकरला ३.२ ते ३.६ दिसणे हे निरोगी लक्षण आहे. नवे स्पीकर मोजल्यावर ३.४ दिसले तर दुकानदाराशी भांडू नका.

ट्वीटर 'ओपन' दिसण्याचे कारण तो कॅपॅसिटर. मीटर डीसीने मोजतो आणि कॅपॅसिटर डीसी अडवतो, एवढीच बाब आहे. अशा स्थितीत ट्वीटर मेला असे ठरवून कित्येकांनी चांगले ट्वीटर फेकून दिले असतील.

याच कॅपॅसिटरमुळे तुमचा १.३३ चा हिशेबही लागू होत नाही. समांतर जोडणीचे ते सूत्र रोधांसाठी आहे, आणि कॅपॅसिटरचा अडथळा फ्रिक्वेन्सीप्रमाणे बदलतो. ४.७ मायक्रोफॅरडचा अडथळा १०० हर्ट्झला सुमारे ३४० ओहम असतो, १ किलोहर्ट्झला ३४ ओहम आणि १० किलोहर्ट्झला ३.४ ओहम. ॲम्पचा खरा घाम निघतो तो ढोल आणि बास गिटारच्या पट्ट्यात. तिथे ट्वीटरची शाखा जवळजवळ नसल्यासारखीच असते. वरच्या पट्ट्यात ट्वीटर जागा होतो तेव्हा वूफरच्या, म्हणजे दारातल्या मोठ्या स्पीकरच्या, कॉइलचे इंडक्टन्स वाढत्या फ्रिक्वेन्सीबरोबर त्याचा इम्पीडन्स वर चढवते, आणि संगीतात त्या पट्ट्यातील ऊर्जाही कमी असते. म्हणून कंपनीने निर्धास्तपणे दोन्ही एकाच वायरवर टांगले आहेत, आणि तुमचा ॲम्प २ ओहमचाच समजावा.

वूफरचा इम्पीडन्ससुद्धा सपाट नसतो. दारात बसवलेल्या साडेसहा इंची स्पीकरचा रेझोनन्स (ज्या फ्रिक्वेन्सीला कोन स्वतःहून सर्वांत सहज हलतो ती) साधारण ६० ते १०० हर्ट्झच्या दरम्यान कुठेतरी असतो आणि तिथे ४ ओहमचा म्हणवणारा स्पीकर २० ओहमच्याही वर जाऊ शकतो. त्यात कॉइल तापली की तांब्याचा रोध अंशामागे सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. ती १०० अंशांनी तापली तर ३.४ ओहमची कॉइल ४.७ च्या पुढे जाते. मोठ्या आवाजात बराच वेळ वाजवल्यावर दणका कमी झाल्यासारखा वाटतो तो बऱ्याच अंशी यामुळे. लेबलवरच्या एका आकड्याकडून किती अपेक्षा करायची, ते यावरून ठरवा.

आता जुना ट्वीटर ठेवण्याबद्दल. ते तुम्ही काय विकत घेता यावर अवलंबून आहे. कोॲक्सिअल स्पीकर घेतलात तर त्याच्या पोटात स्वतःचा ट्वीटर असतो. खांबावरचा जुना ट्वीटर चालू ठेवला तर वरच्या पट्ट्यात दोन ट्वीटर एकाच वायरवर येतील. ॲम्पला त्याने इजा होणार नाही, पण झांजा आणि 'स' कानाला बोचू लागतील आणि आवाज एका जागेवरून येतो असे वाटणार नाही. अशा वेळी जुन्या ट्वीटरचा कपलर काढून ठेवणे इष्ट. कॉम्पोनंट सेट घेतलात, म्हणजे वूफर आणि ट्वीटर वेगळे, तर त्याच्यासोबत आलेला क्रॉसओव्हरच (वूफर आणि ट्वीटरला आपापल्या पट्ट्यातले सूर वाटून देणारे सर्किट) वापरा आणि जुना कॅपॅसिटर मध्ये ठेवू नका.

हे शेवटचे का सांगतो, तेही पाहा. ४.७ मायक्रोफॅरड आणि ४ ओहम यांची जोडी सुमारे ८,५०० हर्ट्झला ट्वीटर सुरू करते. त्याच कॅपॅसिटरवर ८ ओहमचा ट्वीटर लावला तर तो सुमारे ४,२०० हर्ट्झपासूनच वाजू लागेल आणि ज्या खालच्या सुरांसाठी तो बनलेला नाही ते त्याच्यावर लादले जातील. २ ओहमचा लावला तर जवळपास १७,००० हर्ट्झपर्यंत तो नीट उघडणारच नाही. ॲम्पच्या दृष्टीने ओहम वाढणे निरुपद्रवी असते, हे आपण वर पाहिले. क्रॉसओव्हरच्या दृष्टीने मात्र ते निरुपद्रवी नसते, आणि 'मॅचिंग' हा शब्द खऱ्या अर्थाने कुठे लागू पडत असेल तर तो इथेच.


मंद्रसप्तक:

विवेचन उत्तम आहे, पण एका मुद्द्यावर माझे मत थोडे वेगळे आहे. 'नॉब दोन घरे पुढे फिरवा' असे म्हणून ४ ओहमचा प्रश्न निकालात काढता येईल असे मला वाटत नाही. कंपनीच्या ब्रँडेड सिस्टीममध्ये ॲम्पच्या आत इक्वलायझर (वेगवेगळे सूर कमी-जास्त करणारे सर्किट) कायमचा बसवलेला असतो आणि तो त्या विशिष्ट स्पीकरसाठी, त्या विशिष्ट दारासाठी बेतलेला असतो. अनेक गाड्यांत व्हॉल्यूम वाढवत गेलो की तो बास आपोआप कमी करत जातो, जेणेकरून हलके कोन फाटू नयेत. आता ३ डेसिबल भरून काढण्यासाठी नॉब पुढे नेला की तुम्ही बास कापल्या जाणाऱ्या पट्ट्यात लवकर शिरता, आणि नवा भारदस्त स्पीकर लावूनही आवाज पातळ झाल्याची तक्रार सुरू होते. दोष स्पीकरला दिला जातो.

म्हणून माझा सल्ला असा की कंपनीचा ॲम्प ठेवायचाच असेल तर शक्यतो ३ ओहमच्या आसपासचे स्पीकर शोधावेत. जेबीएल आणि इन्फिनिटी यांच्या काही मालिका याच आकड्याच्या आहेत. पातळीतील फरक ३ ऐवजी पावणेदोन डेसिबलवर येतो, आणि ॲम्प २ ओहमचा असल्यामुळे धोकाही नाही. ते मिळाले नाहीत तर ४ ओहममधला अधिक सेन्सिटिव्हिटीचा, हलक्या कोनचा स्पीकर घ्यावा. '३०० वॉट पीक' असे ठळक अक्षरांत लिहिलेले जड मॅग्नेटचे स्पीकर या ॲम्पवर लावू नयेत. ते बाहेरच्या मोठ्या ॲम्पसाठी असतात.

वायरचाही थोडा विचार व्हावा. अर्ध्या चौरस मिलीमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला सुमारे ०.०३५ ओहम असतो. ॲम्पपासून दारापर्यंत चार मीटर धरले तर जाऊन-येऊन आठ मीटर, म्हणजे जवळजवळ ०.२८ ओहम. २ ओहमच्या स्पीकरला ते सुमारे १.१ डेसिबलला पडतात, ४ ओहमच्या स्पीकरला सुमारे ०.६ डेसिबलला. त्यामुळे ४ ओहमकडे गेल्यावर वायरमधला तोटा आपोआप निम्म्यावर येतो, आणि दारात नवी जाड वायर ओढण्याचा खर्च दुकानदार सुचवत असेल तर तो टाळता येतो. दाराच्या रबरी नळीतून वायर ओढताना कंपनीचे हार्नेस (वायरींचा जुडगा) दुखावले तर ते दुखणे नंतर फार महागात पडते.


तारजोडणी:

मंद्रसप्तक यांचा इक्वलायझरचा मुद्दा मान्य आहे, आणि ३ ओहमचा पर्यायही. मी एवढेच म्हणेन की ३ ओहमच्या हट्टापायी कमी प्रतीचा स्पीकर पदरात पाडून घेऊ नये. पावणेदोन आणि तीन यांतला सव्वा डेसिबलचा फरक, दाराला नीट न बसवलेल्या स्पीकरमुळे होणाऱ्या नुकसानीपुढे काहीच नाही.


खाडीकाठ:

सर्वांचे सल्ले वाचून निर्णय घेतला आहे. मुंबईत एका दुकानात ३ ओहमचा साडेसहा इंची कॉम्पोनंट सेट मिळतो आहे आणि त्याच्यावर सेन्सिटिव्हिटी २.८३ व्होल्टला दिलेली आहे. तोच घेतो, त्याच्यासोबतचा क्रॉसओव्हर वापरतो आणि जुना कॅपॅसिटर काढून टाकतो. रेझिस्टरवाल्या दुकानात पुन्हा जाणार नाही.

दोन शंका उरल्या आहेत. कंपनीच्या वायरवर धन-ऋण अशी खूण नाही, दोन्ही वायरी वेगळ्या रंगांच्या आहेत इतकेच; त्या कशा ओळखाव्यात? आणि ऋण वायर जवळच्या पत्र्याला जोडून एकच नवी वायर ओढायची, असे एका मेकॅनिकने सुचवले, ते योग्य आहे का?


तारजोडणी:

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण त्यात नुकसान होऊ शकते. ऋण वायर पत्र्याला अजिबात जोडू नका. आजच्या गाड्यांतील ॲम्प आणि हेड युनिट ब्रिज पद्धतीचे असतात. स्पीकरच्या दोन्ही वायरींवर बॅटरीच्या साधारण निम्मे व्होल्टेज कायम असते आणि ऋण वायर म्हणजे अर्थ नव्हे. ती बॉडीला टेकली की आउटपुट थेट शॉर्ट होते. फार जुन्या गाड्यांत एक वायर बॉडीला जोडण्याची पद्धत होती, त्या सवयीतून हा सल्ला येतो. याच कारणाने दोन दारांच्या ऋण वायरी एकत्रही करायच्या नाहीत.

धन-ऋण ओळखण्यासाठी जुना स्पीकर आणि एक पेन्सिल सेल पुरेसा आहे. स्पीकर कपलरपासून सोडवा, मगच सेलची दोन टोके क्षणभर स्पीकरच्या टोकांना टेकवा. कोन बाहेरच्या बाजूला सरकला तर सेलचे धन टोक ज्याला लागले ते स्पीकरचे धन टोक. त्या टोकावर येणाऱ्या वायरचा रंग लिहून ठेवा आणि नव्या स्पीकरला तीच वायर धनला द्या. ॲम्पला जोडलेल्या स्थितीत सेल लावू नका, आणि ही चाचणी ट्वीटरवर करू नका. कॅपॅसिटरमुळे तिथे काही दिसणार नाही आणि कॅपॅसिटर काढलेला असेल तर नाजूक कॉइलला झटका बसेल. उजव्या दाराचे रंग डाव्यासारखेच असतील असे गृहीत धरू नका, तिथेही हीच चाचणी करा. एका बाजूची वायर उलटी लागली तर दोन्ही वूफर एकमेकांविरुद्ध हलतील आणि बास नाहीसा होईल. अनेकदा त्याचाही दोष बिचाऱ्या ओहमवर येतो.

वायर कापण्याऐवजी तुमच्या गाडीच्या मॉडेलचा स्पीकर कपलर मागून घ्या. तो स्वस्त असतो आणि उद्या गाडी विकताना जुने स्पीकर परत लावता येतात. स्पीकरखालची रिंग एमडीएफची (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या पाटीची) न घेता प्लास्टिकची घ्या. ठाण्याच्या पावसात दाराच्या आत पाणी उतरतेच, आणि एमडीएफ एका पावसाळ्यातच फुगू लागते.